पायथनमधून सीचं फंक्शन कॉल करताना: पूर्वतयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सोलापुरातल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखेच्या प्रकल्पांत एक गोष्ट वारंवार दिसते. गणित पायथनमध्ये लिहिलेलं असतं आणि ते रात्रभर चालत राहतं. मग कुणीतरी सांगतं, "आतला लूप सीमध्ये टाक." लूप सीमध्ये जातो, वेग येतो आणि उत्तर चुकतं. कधी प्रोग्राम धाडकन बंद पडतो. ते परवडलं, निदान चूक समोर तरी येते. खरं नुकसान होतं ते आलेख दिसायला ठीक आणि आतले आकडे खोटे असतात तेव्हा.

या चुका सीमधल्या गणितात क्वचितच सापडतात. त्या असतात दोन भाषांच्या सांध्यावर: आकडा किती बाइटचा आहे, ॲरे कोणत्या क्रमाने मांडलेला आहे, मेमरी कुणाच्या ताब्यात आहे. त्यामुळे पायऱ्यांचा क्रम पाळला तर बहुतेक चुका होण्याआधीच पकडता येतात. बरेच जण थेट सी लिहायलाच घेतात. या लेखात सी लिहायची वेळ पाचव्या पायरीला येते, आणि ते मुद्दाम आहे.

फंक्शनांची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

## उदाहरण कोणतं घ्यायचं

सबंध लेखात एकच उदाहरण वापरतो: माळवदातून उष्णता खाली कशी उतरते. सोलापूरच्या जुन्या घरांत आणि मंगळवेढा-अक्कलकोटकडच्या गावांत अजून माळवदं आहेत. लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशीच्या वर पारा असताना ही घरं आतून गार का राहतात आणि सिमेंटचा स्लॅब का तापतो, हा इथल्या विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय आहे.

छताचा उभा छेद घ्या: २ मीटर रुंद, ५० सेंटिमीटर जाड. तुळईच्या जागी लाकूड आणि बाकी माती असल्यामुळे गणित दोन मितींत करावं लागतं. छेदावर जाळी टाकायची आणि दर काही सेकंदांनी प्रत्येक कप्प्याचं तापमान शेजारच्या चार कप्प्यांवरून काढायचं.

घट्ट माती किंवा काँक्रीटची उष्णता-विसरणशीलता (पदार्थातून उष्णता किती झपाट्याने पसरते ते) साधारण ०.००००००७ चौरस मीटर प्रति सेकंद धरू. समान अंतराच्या दोन मितींच्या जाळीत साध्या एक्सप्लिसिट पद्धतीला (पुढचं तापमान थेट आधीच्या पावलाच्या तापमानावरून काढणारी पद्धत) एक अट असते: विसरणशीलता गुणिले कालांतर, भागिले जाळीच्या अंतराचा वर्ग, हे पाव किंवा त्याहून कमी हवं. जाळी १ सेंटिमीटरची असेल तर कालांतर सुमारे ३५ सेकंदांच्या वर नेता येत नाही, म्हणून ३० घेऊ. कप्पे १०,००० आणि दिवसाची कालपावलं २,८८०. म्हणजे एका दिवसासाठी २ कोटी ८८ लाख वेळा तेच गणित.

आता जाळी ५ मिलिमीटरची करा. कप्पे चौपट होतात, कालांतर चौथाई होतं, काम १६ पट वाढतं: दिवसाला ४६ कोटींहून जास्त. शिवाय ५० सेंटिमीटर मातीतून उष्णता पोचायला लागणारा काळ (जाडीचा वर्ग भागिले विसरणशीलता) सुमारे ४ दिवसांचा आहे. सुरुवातीला धरलेल्या तापमानाचा प्रभाव पुसला जायला एक-दोन आठवडे चालवावं लागतं. पायथनच्या लूपमध्ये एका कप्प्यामागे एक मायक्रोसेकंद धरला, तरी छतावरचा एक दिवस संगणकावर पावणेआठ मिनिटं घेतो. प्रत्यक्षात तो बहुधा जास्तच घेतो, कारण नमपायच्या (आकड्यांच्या ॲरेंसाठीची पायथनची लायब्ररी) ॲरेतून एकेक आकडा काढणं हे साध्या लिस्टपेक्षाही संथ असतं. सीमध्ये हेच काम एका कप्प्यामागे नॅनोसेकंदाच्या घरात बसतं.

## पायरी १: आधी संथ पण बरोबर

शुद्ध पायथनमधला प्रोग्राम पूर्ण करा आणि तो बरोबर आहे याची खात्री करून घ्या. तो पुढे फेकून द्यायचा नाही. शेवटपर्यंत तीच आपली मोजपट्टी आहे.

उत्तर आधीपासून माहीत असलेल्या दोन परीक्षा घ्या.

पहिली: सगळीकडे एकच पदार्थ, वरची कड ६० अंशांवर आणि खालची ३० अंशांवर कायम, बाजूंनी उष्णता बंद. पुरेसा वेळ चालवल्यावर तापमान वरून खाली सरळ रेषेत उतरलं पाहिजे आणि बरोबर मध्यावर ४५ आलं पाहिजे.

दुसरी: एकच पदार्थ, चारही बाजूंनी उष्णता बंद, आत कुठेही एक गरम ठिपका. कितीही पावलं चालवा, सगळ्या कप्प्यांच्या तापमानाची बेरीज बदलता कामा नये. कडेच्या ओळीत एखादा शेजारी चुकीचा मोजला गेला असेल तर ही बेरीज लगेच हलायला लागते.

*सावधान:* परीक्षेची जाळी कधीही चौरस घेऊ नका. ७ ओळी आणि ५ रकाने अशी विषम जाळी घ्या. चौरस जाळीत ओळी आणि रकाने यांची अदलाबदल झाली तरी प्रोग्राम मुकाट चालतो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आपल्याला याच अदलाबदलीची सर्वांत जास्त भीती आहे.

## पायरी २: वेळ नेमका कुठे जातो ते मोजा

अंदाजावर जाऊ नका. पायथनसोबतच येणारं, कोणत्या फंक्शनला किती वेळ लागला ते दाखवणारं सीप्रोफाइल चालवा आणि एकूण वेळेपैकी किती वाटा त्या लूपचा आहे ते पाहा. लूप ८० टक्के वेळ घेत असेल, तर तो शून्य वेळात संपला तरी सगळा प्रोग्राम जास्तीत जास्त ५ पट वेगवान होईल. ६० टक्के घेत असेल तर अडीच पट. उरलेला वेळ बरेचदा दर पावलाला आलेख काढण्यात किंवा सीएसव्ही फाइल लिहिण्यात जात असतो, आणि तिथे सीचा काही उपयोग नाही.

मग नमपायचे स्लाइस, म्हणजे ॲरेचे अखंड तुकडे, वापरून लूप घालवता येतो का ते बघा. आपल्या उदाहरणात येतो: वरचा, खालचा, डावा, उजवा असे चार सरकवलेले तुकडे घेऊन एका ओळीत सगळी जाळी बदलता येते. बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागतं. भागलं तर इथेच थांबा. दुसरी भाषा प्रकल्पात आणणं म्हणजे पुढची कित्येक वर्षं कुणाला तरी ती सांभाळावी लागणं.

सीकडे जायचं ते दोन कारणांनी. एक, स्लाइस दर पावलाला तात्पुरते ॲरे बनवत राहतात आणि जाळी मोठी झाली की ते जाचायला लागतं. दोन, काही पद्धतींत प्रत्येक कप्पा नुकत्याच बदललेल्या शेजाऱ्यावर अवलंबून असतो, उदाहरणार्थ गाऊस-सायडल. ती नेहमीच्या क्रमाने, कप्प्यामागून कप्पा, चालवायची तर स्लाइसने करता येत नाही.

## पायरी ३: मार्ग आणि साधनं ठरवा

सीची फंक्शनं पायथनमधून कॉल करणारं सीटाइप्स हे मॉड्यूल पायथनसोबतच येतं (२००६ च्या २.५ आवृत्तीपासून), वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि दोन-चार फंक्शनांसाठी मला तेच सर्वांत सरळ वाटतं. सी++ चे क्लास वापरायचे असतील तर पायबाइंड-इलेव्हन. आधीच लिहिलेलं फोरट्रान हाताशी असेल तर एफटूपाय, त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे. आणि सी येतच नसेल तर नंबा वापरून पाहा. पायथनच्याच फंक्शनवर एक ओळ लावून ते चालत्या वेळी कंपाइल होतं.

उबुंटूवर बिल्ड-एसेन्शियल हे पॅकेज टाकलं की जीसीसी हा सीचा कंपायलर येतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) घेऊन त्यात उबुंटू चालवणं सोपं जातं. थेट विंडोजवरच करायचं असेल तर एमएसवायएस-टू मधला जीसीसी घ्या.

*पडताळणी:* पायथन आणि कंपायलर दोन्ही ६४ बिटचे आहेत ना? एक ३२ आणि दुसरा ६४ असेल तर विंडोज १९३ क्रमांकाची चूक दाखवतं आणि "हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही" अशा अर्थाचा संदेश देतं. लोक तासन् तास फाइलमध्ये दोष शोधत बसतात, फाइल ठणठणीत असते.

## पायरी ४: सांध्याचा करार कागदावर लिहा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. एक कोरा कागद घ्या आणि सीच्या फंक्शनला काय काय द्यायचं, ते एकेक करून लिहा. प्रत्येक गोष्टीपुढे चार उत्तरं हवीत: टाइप कोणता, आकार किती, फंक्शन ती फक्त वाचणार की बदलणार, आणि मेमरी कोण घेणार.

आपल्या उदाहरणात करार असा होतो.

- जुनं तापमान: ८ बाइटच्या दशांश आकड्यांचा ॲरे, ओळी गुणिले रकाने, बदलणार, मेमरी पायथनची.
- नवं तापमान: तसाच, बदलणार, मेमरी पायथनची.
- प्रत्येक कप्प्याची विसरणशीलता: तसाच, फक्त वाचायची. लाकूड आणि माती जिथे भेटतात तिथली सरासरी कशी घ्यायची ते गणित पायथनमध्येच आधी उरकून घ्या.
- ओळी, रकाने, पावलांची संख्या: पूर्णांक.
- कालांतर आणि जाळीचं अंतर: ८ बाइटचे दशांश.

*सावधान:* पायथनचा फ्लोट ८ बाइटचा आहे, सीचा फ्लोट ४ बाइटचा. पायथनच्या फ्लोटची जोडी सीच्या डबलशी लागते. नाव सारखं म्हणून सीमध्ये फ्लोट लिहिलं, की प्रत्येक आकडा अर्धा-अर्धा तोडून वाचला जातो आणि कचरा बाहेर येतो.

पूर्णांकांचंही तसंच. सीचा लाँग लिनक्सवर ६४ बिटचा आणि विंडोजवर ३२ बिटचा असतो. नमपायचा नेहमीचा पूर्णांकही विंडोजवर २.० आवृत्तीच्या (२०२४) आधी ३२ बिटचा होता. त्यामुळे पूर्णांकांचे ॲरे द्यायचे असतील तर दोन्ही बाजूंना ३२ की ६४ हे स्पष्ट लिहिलेलेच टाइप वापरा.

मेमरीचा नियम एकच ठेवा: मेमरी पायथन घेईल आणि पायथनच सोडेल, सी फक्त भरेल. सीमध्ये मॅलॉक करून (सीनेच मेमरी मागून) पॉइंटर, म्हणजे त्या मेमरीचा पत्ता, परत पाठवला की तो कधी, कुणी आणि कोणत्या लायब्ररीतून मोकळा करायचा हा प्रश्न कायमचा गळ्यात पडतो.

## पायरी ५: सीचं फंक्शन लिहा

सगळे लूप आत घ्या. कप्प्यांचे दोन आणि वेळेचा एक, तिन्ही. सीटाइप्समधून एक कॉल करायलाच साधारण मायक्रोसेकंद लागतो. प्रत्येक कप्प्यासाठी एक कॉल केला तर पायथनचा लूप होता तसाच राहिला आणि वर कॉलचा खर्च वाढला. यंत्रमागावर भरलेलं बीम एकदाच चढवतात, गोदामातून एकेक धागा आणून कुणी विणत नाही. इथेही पूर्ण ॲरे एकदाच द्या आणि हजारो पावलं आतच चालू द्या.

पण पंधराच्या पंधरा दिवस एका कॉलमध्ये घालू नका. सीचं फंक्शन चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तरी ते परत येईपर्यंत काहीच होत नाही. एका कॉलमध्ये छतावरचा एक दिवस चालवा. परत आल्यावर तापमान डिस्कवर साठवा आणि पुढचा दिवस सुरू करा. कॉलचा खर्च नगण्य राहतो, मध्येच थांबवता येतं, आणि दुपारी वीज गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

आता तीन नेमक्या चुका.

दुहेरी पॉइंटर. सीच्या पुस्तकांत दोन मितींचा ॲरे बरेचदा पॉइंटरांचा पॉइंटर म्हणून शिकवतात. नमपायचा ॲरे तसा नसतो. तो मेमरीत एकामागून एक मांडलेल्या आकड्यांचा सलग पट्टा असतो. सीमध्ये साधा एकेरी पॉइंटर घ्या आणि जागा अशी काढा: ओळीचा क्रमांक गुणिले एकूण रकाने, अधिक रकान्याचा क्रमांक. दुहेरी पॉइंटर वापरला तर तापमानाचा आकडाच पत्ता समजून सी भलत्या ठिकाणी जातं आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो.

लूपचा क्रम. ओळींचा लूप बाहेर, रकान्यांचा आत. उलट केलं तर उत्तर तेच येतं, पण मेमरीत उड्या मारत जावं लागल्यामुळे मोठ्या जाळीत वेग कित्येक पटींनी पडतो.

अदलाबदलीचा शेवट. जुन्या तापमानावरून नवं काढायचं, मग दोन्ही पॉइंटरांची अदलाबदल करायची, हे बरोबरच आहे. पण ही अदलाबदल सीच्या आतच होते, पायथनला ती कळत नाही. पावलांची संख्या सम असेल तर अंतिम उत्तर पहिल्या ॲरेत असतं, विषम असेल तर दुसऱ्यात. शेवटी एक पाऊल मागचं उत्तर वाचलं जातं आणि फरक इतका बारीक असतो की महिनोन् महिने ध्यानात येत नाही. फंक्शनच्या शेवटी उत्तर दुसऱ्या ॲरेत राहिलं असेल तर पहिल्यात उतरवून घ्या आणि करारात लिहून टाका: उत्तर नेहमी पहिल्या ॲरेत.

एक छोटी गोष्ट: एकूण किती कप्पे बदलले याची मोजणी ठेवत असाल तर ३२ बिटचा पूर्णांक २१४ कोटींच्या पुढे उलटतो. ५ मिलिमीटरच्या जाळीत पाचव्या दिवशीच ती मर्यादा ओलांडली जाते.

फाइल सी++ म्हणून कंपाइल होणार असेल तर फंक्शनला एक्सटर्न-सी लावायला विसरू नका. सी++ कंपायलर फंक्शनचं नाव आतल्या आत बदलतो आणि पायथनला ते सापडत नाही.

## पायरी ६: कंपाइल करा

जीसीसीला सुरुवातीला चारच गोष्टी सांगा: शेअर्ड लायब्ररी हवी, तिच्यासाठी लागणारा एफपिक हा पर्याय लावा, सगळ्या सूचना दाखवा (वॉल), आणि ओ-२ पातळीचं ऑप्टिमायझेशन. लिनक्सवर एसओ, विंडोजवर डीएलएल आणि मॅकवर डायलिब अशी फाइल तयार होते. वॉलने दाखवलेली प्रत्येक सूचना दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लायब्ररी उघडण्याआधी त्याच फाइलसोबत वीसेक ओळींचं छोटं मेन फंक्शन लिहा आणि ते ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा जीसीसीचा पर्याय) लावून सीमध्येच चालवा. ॲरेच्या बाहेर एक पाऊलही पडलं तर तो सांगतो, आणि कंपाइल करताना जी हा पर्यायही लावला असेल तर ओळ क्रमांकासह. पायथनच्या आतून हीच चूक शोधणं फार किचकट जातं.

*सावधान:* ज्युपिटरमध्ये काम करताना सी बदललं, पुन्हा कंपाइल केलं, सेल पुन्हा चालवला आणि उत्तर तेच आलं, असं झालं तर गोंधळू नका. एकदा उघडलेली लायब्ररी चालू कर्नल धरून ठेवतो. दर कंपाइलनंतर कर्नल रीस्टार्ट करा.

## पायरी ७: पायथनला करार सांगा

लायब्ररी उघडताना फाइलचा पूर्ण पत्ता द्या. नुसतं नाव दिलं तर लिनक्स ती चालू फोल्डरमध्ये शोधत नाही. विंडोजवर फाइल समोर दिसत असतानाही "सापडली नाही" असं आलं, तर बहुतेक वेळा ती ज्या दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून आहे ती सापडलेली नसते. पायथन ३.८ पासून अशा फोल्डरची नोंद ॲड-डीएलएल-डिरेक्टरीने करावी लागते.

मग दोन गोष्टी, कधीही न चुकता: आर्गटाइप्स (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या गोष्टींचे टाइप) आणि रेसटाइप (परत येणाऱ्या उत्तराचा टाइप).

रेसटाइप सांगितलं नाही तर सीटाइप्स धरून चालतं की फंक्शन साधा पूर्णांक परत करतं. फंक्शन डबल परत करत असेल तर अर्थहीन आकडा मिळतो, आणि पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिटचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो. काहीच परत करत नसेल तर नन लिहा. आर्गटाइप्स सांगितले नाहीत तर दशांश आकडा पाठवताच सीटाइप्स अडून बसतं. नवशिक्यांना ती कटकट वाटते आणि ते आकडा पूर्णांक करून पाठवतात. कालांतर ७.५ चं ७ होतं आणि गणित हसतमुखाने चुकीच्या वेळेत चालतं.

ॲरेसाठी नमपायच्या सीटाइप्सलिबमधलं एनडीपॉइंटर वापरा. टाइप फ्लोट-६४, मिती २, आणि सी-कंटिग्युअस (मेमरीत ओळीमागून ओळ सलग) ही खूण, एवढं त्यात सांगायचं. बदलायच्या ॲरेंना रायटेबल ही खूणही लावा. आता चुकीचा ॲरे आला की कॉल होण्याआधीच पायथन थांबवतो.

हे का लागतं ते एका प्रसंगातून बघा. सुरुवातीचं तापमान ३०, ३१, ३२ असं लिस्टमधून दिलं, दशांश चिन्ह नाही. नमपाय तो पूर्णांकांचा ॲरे करतं. सी त्याच बिटांना दशांश म्हणून वाचतं आणि ३० चं होतं शून्याला चिकटलेलं काहीतरी. माळवद शून्य अंशावर गोठलेलं दिसतं. एनडीपॉइंटर असेल तर हे घडूच शकत नाही.

आता सर्वांत फसवी चूक. ॲरेचं ट्रान्सपोज (ओळी आणि रकाने यांची अदलाबदल) किंवा एक सोडून एक रकाना घेतलेला तुकडा मेमरीत सलग नसतो. एनडीपॉइंटर त्याला नकार देतो. मग जो-तो कॉलच्या कंसातच ॲज-कंटिग्युअस-ॲरे लिहून मोकळा होतो. चूक जाते, कॉल होतो, आणि उत्तर कुठेच दिसत नाही, कारण सीने ते एका तात्पुरत्या प्रतीत लिहिलं आणि ती प्रत कॉल संपताच नाहीशी झाली. सलग प्रत आधी नावाने साठवा, ती पाठवा, आणि उत्तर तिच्यातूनच वाचा. तसंच, एखाद्या बेरजेतून तयार झालेल्या बिननावाच्या ॲरेचा नुसता पत्ता पूर्णांक म्हणून काढून पाठवू नका, कॉल होईपर्यंत ती मेमरी दुसऱ्या कुणाची झालेली असू शकते.

हे सगळं एका छोट्या पायथन फंक्शनमध्ये बंद करा. वापरणाऱ्याने फक्त ॲरे द्यायचा. ओळी आणि रकाने फंक्शनने ॲरेच्या शेपवरून स्वतः काढायचे, कारण सी तुमच्या संख्येवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. ४० च्या जागी ४०० सांगितलं तर ते ४०० ओळी लिहील.

## पायरी ८: जुळवून बघा

पायरी १ मधला संथ प्रोग्राम बाहेर काढा. तीच ७ गुणिले ५ ची जाळी, तेच सुरुवातीचं तापमान, दोन्हीकडून चालवा. एकदा १ पाऊल, एकदा २ आणि एकदा ९९ पावलं. सम आणि विषम दोन्ही झालेच पाहिजेत.

तुलना बरोबरच्या चिन्हाने करू नका. सीचा कंपायलर बेरजा-गुणाकार वेगळ्या पद्धतीने जोडू शकतो आणि शेवटचा अंक हलतो. नमपायचं ऑलक्लोज वापरा, सापेक्ष फरक ०.००००००००१ च्या आत हवा. फरक एखाद्या टक्क्याचा दिसला तर "दशांशाची चूक असेल" म्हणून सोडून देऊ नका. डबलमध्ये इतकी मोठी चूक गोळाबेरजेतून येत नाही.

प्रोग्राम पडत असेल तर पायथन फॉल्टहँडलर लावून चालवा. निदान पायथनच्या कोणत्या ओळीवरून सीमध्ये गेल्यावर पडलं ते कळतं.

## पायरी ९: आता वेग

उत्तर जुळल्यावरच इकडे या. ओ-२ ऐवजी ओ-३ लावून बघा, मोजा. मार्च-नेटिव्ह (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी खास कोड बनवणारा पर्याय) लावून बघा, मोजा. वेळ मोजताना पहिली फेरी सोडा आणि पुढच्या चार-पाच फेऱ्यांतली सर्वांत कमी वेळ धरा. मे महिन्यात पंख्याखाली लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे सकाळी मोजलेला ओ-२ आणि दुपारी मोजलेला ओ-३ यांची तुलना करू नका.

*सावधान:* फास्ट-मॅथ हा पर्याय लावू नका. तो लावला की कंपायलर धरून चालतो की नॅन ("हा आकडाच नाही" अशी खूण) कधी येणारच नाही, आणि तुम्ही लिहिलेली नॅनची तपासणीच काढून टाकू शकतो. कालांतर जास्त झाल्यामुळे गणित फुटलं तरी तुम्हाला कळवणारं कुणी उरत नाही.

एकाच वेळी अनेक छतं तपासायची असतील (३०, ४०, ५०, ६० सेंटिमीटर जाडीची), तर सीटाइप्सचं सीडीएलएल इथे फार कामाचं आहे. कॉल चालू असताना ते पायथनचं कुलूप, म्हणजे जीआयएल, सोडतं. चार थ्रेडमध्ये चार छतं खरोखर एकाच वेळी चालतात. अट एकच: सीच्या फंक्शनमध्ये ग्लोबल किंवा स्टॅटिक चल नकोत आणि प्रत्येक छताचे ॲरे वेगळे हवेत.

## फोरट्रान असेल तर काय बदलतं

हवामान आणि शेतीच्या गणितात फोरट्रान टाळता येत नाही. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल फोरट्रानमध्ये आहे. पीकवाढीचं डीएसएसएटीही, ज्यात ज्वारीचं मॉडेल आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये ढगांच्या बीजनाचे (कृत्रिम पावसाचे) प्रयोग सोलापूर परिसरात केले. पर्जन्यछायेतल्या या भागाच्या पावसावर किंवा ज्वारीवर काम करायचं म्हटलं तर आज ना उद्या फोरट्रानची फाइल समोर येतेच.

पायऱ्या त्याच राहतात. सातव्या पायरीचं बरंचसं काम एफटूपाय स्वतः करतं. पण चार ठिकाणी लक्ष द्या.

पहिलं, मांडणी. फोरट्रान मेमरीत रकाना आधी मांडतं, नमपाय ओळ आधी. सी-क्रमाचा ॲरे दिला तर एफटूपाय गुपचूप प्रत करून देतं: उत्तर बरोबर, वेग गायब. इनआउट (जागेवरच वाचायचा आणि बदलायचा) म्हणून जाहीर केलेल्या ॲरेला मात्र ते सरळ नकार देतं. ॲरे बनवतानाच ऑर्डर एफ सांगा, आणि लूपमध्ये पहिला निर्देशांक आत ठेवा, सीच्या बरोबर उलट. प्रती होतात का ते बघायचं असेल तर कंपाइल करताना रिपोर्ट-ऑन-ॲरे-कॉपी चालू करा.

दुसरं, फोरट्रानचा साधा रिअल ४ बाइटचा असतो. तुमचा ८ बाइटचा ॲरे एफटूपाय न बोलता ४ बाइटचा करून पाठवतं आणि अचूकता सात अंकांच्या आसपास येते.

तिसरं, नव्या धाटणीच्या कोडमध्ये रिअलचा काइंड (तो किती बाइटचा ते) दुसऱ्या मॉड्यूलमधल्या नावाने दिलेला असतो. ते नाव एफटूपायला उलगडत नाही. त्यासाठी एफटूसीमॅप नावाची छोटी फाइल द्यावी लागते, नाहीतर डबलच्या जागी सिंगल धरलं जातं.

चौथं, पायथन ३.१२ पासून डिस्टयूटिल्स हे जुनं बिल्ड मॉड्यूल काढून टाकल्यामुळे एफटूपायला मेसॉन आणि निंजा ही बिल्डची साधनं लागतात. जुन्या व्हिडिओंत हे नसतं, आणि तिथेच गाडी अडते.

आणि प्रत्येक आर्ग्युमेंटला इंटेंट (वाचायचं की बदलायचं ते) लिहिलाच पाहिजे. न लिहिलेला इंटेंट एफटूपाय "फक्त वाचायचा" असा धरतं आणि उत्तर परत येत नाही.

## पायरी १०: दुसऱ्या मशीनवर नेताना

तयार झालेली एसओ किंवा डीएलएल फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅबच्या मशीनवर चालवू नका. मार्च-नेटिव्ह लावून नव्या लॅपटॉपवर बनवलेली फाइल जुन्या प्रोसेसरवर "इल्लिगल इन्स्ट्रक्शन" म्हणून पडते. सीची फाइल न्या आणि तिथेच कंपाइल करा. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये या गोष्टी एकत्र ठेवा: सीची फाइल, कंपाइलची नेमकी कमांड एका स्क्रिप्टमध्ये, करार लिहिलेला कागद टाइप करून, आणि सात गुणिले पाचची परीक्षा. नव्या मशीनवर पहिलं काम म्हणजे स्क्रिप्ट चालवायची, दुसरं म्हणजे परीक्षा. ती पास झाली की मगच ५ मिलिमीटरची जाळी लावा.